आजीच्या लसीची तारीख कोण लक्षात ठेवणार? : वाचकांचे प्रश्न

लहान मुलांच्या लसीचं कार्ड घरात असतं, आशाताईंच्या वहीत नाव असतं, तारीख चुकली तर कुणीतरी दारात येतं. साठीपुढच्या माणसाचं असं काहीच नसतं. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम मुलं आणि गरोदर स्त्रियांसाठी आहे. फ्लू, न्यूमोनिया, नागीण यांच्या लसी मोठ्या माणसांना बहुतेक वेळा स्वतःच्या खर्चाने घ्याव्या लागतात आणि त्यांची आठवणही स्वतःच ठेवावी लागते. म्हणून नेहमीच्या दवाखान्यातली नोंद हाच काय तो आधार. या महिन्यातल्या पत्रांपैकी पाच पत्रं या नोंदीबद्दल आहेत.

निपाणीहून एक डॉक्टर लिहितात : चार वर्षांपासून आमची रुग्णनोंद संगणकावर आहे. साठीवरच्या किती रुग्णांनी यंदा फ्लूची लस घेतली, हे काढायला बसलो तर एकदा ११ येतात, एकदा ४०. दोष सॉफ्टवेअरचा की आमचा?

बहुतेक वेळा दोष लिहिण्याच्या जागेचा असतो. लस दिल्यावर ती ‘शेरा’ या मोकळ्या रकान्यात लिहिली जाते. एके दिवशी ‘फ्लू शॉट दिला’, दुसऱ्या दिवशी ‘इन्फ्लु. वॅक्स.’, तिसऱ्या दिवशी नुसतं कंपनीचं नाव. माणसाला हे तिन्ही एकच कळतं, संगणकाला नाही. उलट इंग्रजीत ‘influenza’ असा शब्द शोधायला दिला की लहान मुलांच्या पेंटाव्हॅलंटमधली (पाच रोगांवरच्या एकत्र लसीतली) हिब या जंतूची नोंदही वर येते, कारण त्या जंतूच्या पूर्ण नावात ‘influenzae’ आहे आणि त्याचा फ्लूशी काही संबंध नाही. त्यात एखाद्या संगणकावर नोंदी श्रीलिपी किंवा नुडी या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील तर त्या पडद्यावर वाचता येतात, पण शोधात सापडत नाहीत. पुढचं सगळं युनिकोडमध्येच लिहा.

लसीसाठी वेगळा तक्ता उघडा. त्यात लसीचं नाव यादीतून निवडायचं, हाताने टाइप करायचं नाही. त्यापुढे दिल्याची तारीख, बॅच क्रमांक, बाटलीची मुदत, कोणत्या दंडात दिली आणि पुढची तारीख. आणखी एक रकाना बहुतेक ठिकाणी नसतो आणि तोच जास्त उपयोगी पडतो : ही माहिती आली कुठून? ‘इथे दिली’, ‘बाहेर घेतली, कागद पाहिला’, ‘तोंडी सांगितलं’ असे तीन पर्याय ठेवा. यंदाच्या फ्लूच्या लसीबद्दल तोंडी सांगणं चालवून घेता येतं. बाकीच्या लसींसाठी शक्यतो तारखेचा कागद मागा.

नकाराचीही नोंद हवी, तारीख आणि कारणासकट. ‘पैसे नाहीत’, ‘मुलाला विचारतो’, ‘मागच्या वेळी ताप आला’ आणि ‘नकोच’ ही चार वेगळी माणसं आहेत. मुलाला विचारतो म्हणणाऱ्याला पंधरा दिवसांनी फोन केला तर तो बऱ्याचदा येतो. सगळ्यांपुढे नुसतं ‘नकार’ लिहिलं की तो यादीतून कायमचा निसटतो.

आता टक्केवारी. इथे मोठा घोटाळा छेदात होतो. समजा साठीवरचे ४२० रुग्ण दिसतात आणि लस घेतल्याची नोंद ६३ जणांची आहे, म्हणजे १५ टक्के. यादी नीट चाळली तर त्यातले काही वारलेले, काही मुलाकडे पुण्याला गेलेले आणि काही दोनदा नोंदलेले निघतात. असे ७० कमी केले की उरले ३५०. मग जुन्या शेऱ्यांत आणि बिलांत दडलेले आणखी २८ डोस सापडले, म्हणजे ६३ अधिक २८, एकूण ९१. ते झाले २६ टक्के. एकही नवी सुई न टोचता आकडा १५ वरून २६ वर गेला! हे काम वाया जात नाही, कारण त्याशिवाय कुणाला बोलवायचं ते कळत नाही. पण ‘लसीकरण वाढलं’ असं त्याला म्हणू नका. आधी यादी स्वच्छ करा, त्या दिवसाचा आकडा लिहून ठेवा आणि पुढची तुलना त्याच पद्धतीने काढलेल्या आकड्याशी करा. दोन वर्षांत एकदाही न आलेला रुग्ण ‘चालू’ धरायचा नाही, असा काहीतरी एक नियम ठरवा आणि तो मधेच बदलू नका.

दुबार नावं काढताना नुसत्या नावावर जाऊ नका. जन्मवर्ष, गाव आणि फोन जुळतात का ते पाहा, आणि तिघांपैकी दोन जुळले तरच दोन नोंदी समोर ठेवून डोळ्यांनी ठरवा. एकाच घरात सहा जणांपुढे एकच मोबाइल असतो, तेव्हा फक्त फोनवरून जोडलं तर आजी आणि सून एक होऊन जातील.

जन्मतारखेचंही पाहा. जन्माचं फक्त वर्ष माहीत असेल तर कागदोपत्री १ जानेवारी लागते. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांत अशा नोंदी ढिगाने असतात. ‘साठ पूर्ण झाले की कळव’ असा नियम लावला तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात यादी फुगते आणि मग वर्षभर कोरडी राहते. तारखेऐवजी वर्षावर नियम लावा.

पडताळ्याची एक साधी रीत सांगतो. लसी किती विकत घेतल्या, फ्रिजमध्ये किती आहेत, किती वाया गेल्या हे महिन्याच्या शेवटी मांडा. ५० आणल्या, ६ शिल्लक, १ फुटली, म्हणजे ४३ टोचल्या. नोंदीत ३१ दिसत असतील तर १२ माणसांची नोंद राहिली आहे, आणि पुढच्या महिन्यात त्यांनाच तुम्ही पुन्हा बोलावणार आहात. दोन वेळा असं झालं की लोक तुमच्या फोनवर विश्वास ठेवत नाहीत.

खानापूर तालुक्यातल्या एका दवाखान्यातून परिचारिका : साठीवरचा रुग्ण आला की डॉक्टरांच्या पडद्यावर ‘लस बाकी’ अशी खिडकी येते. डॉक्टर ती न वाचताच बंद करतात. मग उपयोग काय?

तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. ही तक्रार जगभर आहे आणि तिला कारण आहे. डॉक्टरांपुढे खिडकी येते तेव्हा रुग्ण गुडघेदुखी सांगत असतो, बाहेर वीस माणसं बसलेली असतात, आणि साखर, बी.पी., औषधांची ॲलर्जी अशा चार खिडक्या आधीच येऊन गेलेल्या असतात. पाचवी खिडकी हात आपोआप बंद करतो.

सूचना डॉक्टरांच्या पडद्यावरून उचलून तुमच्या टेबलावर आणा. वजन आणि बी.पी. घेताना तुमच्याकडे दोन मिनिटं असतात आणि रुग्णाचं लक्षही तुमच्याकडेच असतं. सूचनाही कमी वेळा येऊ दे. साठीवर, यंदाच्या १ एप्रिलपासून फ्लूच्या डोसची नोंद नाही आणि गेल्या तीन महिन्यांत नकार लिहिलेला नाही, एवढं तिन्ही जुळलं तरच ती दिसावी. अंगात ताप असेल तर लस त्या दिवशी टाळून तारीख पुढे द्यायची. लसीनंतर पूर्वी जोराची ॲलर्जी आली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

विचारण्याच्या शब्दांनीही फरक पडतो. ‘लस घ्यायची का?’ म्हटलं की उत्तर ‘बघू नंतर’. ‘आज्जी, पावसाच्या आधीची फ्लूची लस तुमची राहिलीय, आज डॉक्टरांना सांगून देऊन टाकूया’ म्हटलं तर आजी निदान विचारते की कसली, किती पैसे, ताप येतो का. तिथे खरं बोलणं सुरू होतं. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल, आणि किंमतही आधीच सांगा. लपवलेली किंमत बिलावर दिसली की पुढच्या वर्षी आजी येत नाही.

‘हो’ आलं की केसपेपरवर रंगीत पट्टी लावून आत पाठवा. निर्णय आणि सही डॉक्टरांची, पण विषय काढण्याचा भार त्यांच्यावर राहत नाही. औषधांच्या यादीत रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही पट्टीवर लिहा. बारीक सुई वापरायची आणि नंतर दोन मिनिटं न चोळता दाबून धरायचं.

नोंद केव्हा करायची, हेही ठरवून टाका. लस दिल्यावर रुग्णाला १५ ते ३० मिनिटं बसवून ठेवतो, त्याच वेळात. बॅच क्रमांक समोरच्या बाटलीवरून उतरवायचा, संध्याकाळी आठवून नाही. संध्याकाळपर्यंत बाटली कचऱ्यात गेलेली असते आणि मग सकाळच्या पेटीवरचाच क्रमांक सगळ्यांपुढे लागतो.

खानापूरच्या पावसात मृगानंतर म्हातारी माणसं तपासणीला बाहेर पडतीलच असं नाही. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो आणि लसीचा गुण यायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून एप्रिल-मे हे तुमचे खरे दिवस. मार्चअखेर यादी काढा.

शहापूर, बेळगाव इथल्या आई-वडिलांसाठी पुण्याहून मुलगा : बाबांची एक लस कोल्हापूरला झाली, एक बेळगावात, आईची एक पुण्यात. कागद तीन ठिकाणी. ‘आभा’ (सरकारी डिजिटल आरोग्य-खातं) काढलं की सगळं आपोआप एकत्र येतं का?

आपोआप नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं आणि त्यात मिळणारा आभा क्रमांक १४ अंकी असतो. तो देशभराचा असल्यामुळे कोल्हापूर महाराष्ट्रात आणि बेळगाव कर्नाटकात, हा अडथळा त्यात नाही. सीमाभागातल्या माणसाला ही मोठी सोय आहे. उपचाराला गडहिंग्लज, मिरज, कोल्हापूर आणि राहणं इकडे, असं आपल्याकडे घरोघर आहे.

पण दोन्ही दवाखाने त्या यंत्रणेत नोंदलेले असले पाहिजेत, त्यांनी लसीची नोंद बाबांच्या आभाला जोडली पाहिजे आणि दुसऱ्या डॉक्टरांना ती पाहू द्यायला बाबांनी मोबाइलवर संमती दिली पाहिजे. ही संमती किती काळासाठी आणि कोणत्या कागदांसाठी ते ठरवता येतं आणि नंतर काढूनही घेता येते. आधी झालेल्या लसी कागदावरच आहेत. त्यांचा फोटो ॲपमध्ये चढवला तर तो हाताशी राहतो एवढंच. फोटोतली तारीख संगणक मोजत नाही. नेहमीच्या डॉक्टरांकडे तिन्ही कागद घेऊन जा आणि ‘बाहेर घेतली, कागद पाहिला’ म्हणून तारखांसकट टाइप करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, पण गर्दीच्या वेळी सांगू नका.

आभा काढण्याआधी दोघांच्या आधारला चालू मोबाइल जोडलेला आहे ना, ते पाहा. ओटीपी तिथे जातो. तुमचाच पुण्यातला नंबर जोडलेला असेल तर दवाखान्यात ओटीपी लागेल तेव्हा तुम्ही बैठकीत असाल आणि आई काउंटरवर ताटकळेल. त्यांच्या हातातला फोन जोडा.

आणि नावाचं स्पेलिंग! इथे सीमाभागाची खास अडचण आहे. ‘मारुती’मधला ‘ती’ कोल्हापूरच्या कागदावर टी-आय असा येतो, बेळगावच्या कागदावर कानडी वळणाने टी-एच-आय असा. शांता, सुमती, ज्योती, सगळ्यांचं तेच. शिवाय एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. यंत्राला हे दोन मारुती वाटतात. आधारवर जे स्पेलिंग आहे तेच सगळीकडे सांगा, आणि दवाखान्याच्या नोंदीत देवनागरी किंवा कानडी नाव वेगळ्या रकान्यात ठेवायला सांगा. आजोबांना हाक मारायला ते, जुळवायला आधारचं.

अथणीहून औषध दुकानदार वाचक : न्यूमोनियाची लस ‘झाली आहे’ म्हणून गिऱ्हाईक सांगतं, पण कुठली ते माहीत नसतं. नोंदीत काय लिहावं?

नुसतं ‘न्यूमोनिया लस’ कधीच लिहू नका. या एका शब्दाने पुढची सगळी तारीखगणना बिघडते. ही लस दोन प्रकारची असते, पीसीव्ही आणि पीपीएसव्ही, आणि पुढचा आकडा ती जंतूच्या किती प्रकारांवर चालते ते सांगतो. पीसीव्ही १३ किंवा १५ घेतली असेल तर पुढे पीपीएसव्ही २३ लागते आणि दोन्हींत साधारणपणे किमान एक वर्षाचं अंतर हवं. प्रतिकारशक्ती फारच कमी असलेल्यांत डॉक्टर ते ८ आठवड्यांवर आणू शकतात. आधी २३ घेतली असेल तर पीसीव्ही एका वर्षानंतर. पीसीव्ही २० घेतली असेल तर पुढे २३ ची गरज नाही. म्हणजे लस कोणती होती ते कळल्याशिवाय ‘पुढची तारीख’ या रकान्यात लिहिण्यासारखं काही नसतं. तुमच्याकडून बाटली नेली असेल तर बिलावरचं नाव आणि आकडा ही पक्की माहिती आहे, ती गिऱ्हाइकाच्या डॉक्टरांपर्यंत पोचवा.

बाकी लसींचं थोडक्यात : फ्लू दरवर्षी. नागिणीची पुनःसंयोजित (रिकॉम्बिनंट) लस पन्नाशीनंतर दोन डोस, मधे २ ते ६ महिने. इथे दुसरा डोस राहून जाण्याचं प्रमाण फार, म्हणून पहिला देतानाच दुसऱ्याची तारीख पडली पाहिजे. धनुर्वाताची टीडी दर १० वर्षांनी. शेतात कोयता लागला की दरवेळी इंजेक्शन घेणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. आधीचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ किरकोळ जखमेला १० वर्षांच्या आत आणि मळकट जखमेला ५ वर्षांच्या आत पुन्हा घेण्याची गरज नसते. नोंद असेल तर विनाकारण टोचलेली सुईही वाचते.

चिकोडीहून दवाखान्याच्या व्यवस्थापक : आम्ही २०० ज्येष्ठांना इंग्रजीत एसएमएस पाठवले, सहाच जण आले. मराठीत पाठवावेत का? की फोन करावेत?

आठवण करून देण्याने फरक पडतो, याबद्दल शंका नको. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचा एकत्र आढावा घेणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात सगळ्या प्रकारच्या स्मरणांनी लसीकरण सरासरी ८ टक्के-अंकांनी, म्हणजे शंभरात आणखी आठ जणांनी, वाढलेलं दिसलं. पण सुरुवात कुठून होते त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. डेन्मार्कमध्ये २०२२-२३ च्या हंगामात पासष्टीवरच्या ९ लाख ६४ हजारांहून अधिक लोकांवर एक मोठी चाचणी झाली. त्यांच्या सरकारी डिजिटल टपालपेटीत वेगवेगळी पत्रं टाकली. हृदयाला होणाऱ्या फायद्याबद्दलच्या पत्राने प्रमाण ८०.१२ वरून ८१ टक्क्यांवर गेलं. तिथे आधीच पाचातले चार जण लस घेतात, म्हणून वाढ छोटी. शब्दांचा परिणाम मात्र दिसला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या दोन मोठ्या आरोग्यसंस्थांमध्ये सुमारे ४७ हजार रुग्णांना फ्लूच्या लसीचे निरनिराळे संदेश पाठवून पाहिले, ते निष्कर्ष २०२१ मध्ये आले. त्यात ‘तुमची लस राखून ठेवली आहे’ हा संदेश सर्वांत चांगला ठरला.

तुमच्या यादीतला प्रत्येक जण कोणती भाषा वाचतो, हे नोंदीत हवं. मराठी, कानडी, उर्दू, आणि ‘वाचता येत नाही’ हाही पर्याय ठेवा. चिकोडीत घरात मराठी बोलणारा माणूस कानडी शाळेत शिकलेला असू शकतो. आडनावावरून अंदाज करू नका, पुढच्या भेटीत विचारा.

मराठी एसएमएसचं गणित वेगळं आहे. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलंत वेगळे मोजले जातात. ‘वर्षीची’ हा एकच शब्द ७ जागा खातो. सत्तरच्या पुढे गेलात की पैसे दोन संदेशांचे. हा नमुना पाहा : ‘तुमची फ्लूची लस राखून ठेवली आहे. शनिवार, सकाळी 10 ते 1.’ याला ५५ जागा लागतात, दवाखान्याच्या नावाला १५ उरतात. मजकूर आणि पाठवणाऱ्याचं नाव आधी डीएलटी नोंदणीत (व्यावसायिक एसएमएससाठी मोबाइल कंपन्यांकडे करायच्या नोंदणीत) मंजूर करून घ्यावं लागतं, म्हणून एप्रिलचा संदेश फेब्रुवारीतच ठरवा. आणि ‘राखून ठेवली’ लिहाल तर फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ती खरोखर असू द्या. चाळीस रुपये रिक्षाला घालून आलेल्या काकूंना ‘स्टॉक संपला’ सांगितलं तर त्या परत येणार नाहीत आणि गल्लीत चार जणींना सांगतीलही.

व्हॉट्सॲपवर रुग्णांचा गट करू नका. एकाची माहिती दुसऱ्याला दिसते. ब्रॉडकास्ट यादी चालते, पण ज्यांनी दवाखान्याचा नंबर फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून काउंटरवरच नंबर सेव्ह करून द्या.

तरी सत्तरीपुढच्यांना फोनच करा. दोनशे जणांना रोज दहा फोन केले तर वीस दिवसांत यादी होते. फोन ओळखीच्या आवाजाचा असावा, दुपारी चारनंतर, आणि सुरुवातीलाच सांगावं की ओटीपी किंवा पैसे मागायला फोन केलेला नाही. हल्ली मुलांनीच आईवडिलांना अनोळखी फोन उचलू नका म्हणून बजावलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्यांदा नाही, पुढच्या भेटीच्या दिवशी नावापुढे खूण ठेवा. प्रत्येक फोनचं उत्तर त्याच वेळी नोंदीत जाऊ द्या : येतो म्हणाले, बाहेर घेतली, वारले. ‘वारले’ हा शेरा त्याच मिनिटाला यादीत उतरला पाहिजे. गेलेल्या माणसाच्या घरी पुढच्या एप्रिलमध्ये ‘तुमची लस राखून ठेवली आहे’ असा संदेश जाता कामा नये.

तुमचे २०० संदेश गेले त्यातून सहाच आले असं वाटत असेल तर आधी एवढं तपासा : त्या दोनशेपैकी किती नंबर चालू होते, आणि किती नंबर मुलांचे होते जे कोल्हापूर-पुण्याला राहतात? मुलाचा नंबर असेल तर त्याच्यासाठी वेगळा मजकूर लागतो, ‘तुमच्या आईची लस’ असा, आणि त्यासाठी आईची परवानगी नोंदीत आधी घेतलेली हवी.